उंब्रियाला समुद्र नाही, पण युद्धनौकांचं पोलाद तिथलं

प्रश्न असा आलाय की इटलीच्या मधोमध उंब्रिया नावाचा हिरवागार डोंगराळ प्रदेश आहे, त्याला समुद्र नाही, बंदर नाही, मिलान-तुरीनसारखं एखादं मोठं शहर नाही, मग तिथल्या लोकांचं चालतं कशावर, सगळं टुरिझमच आहे का, आणि आपल्याकडे मॉलमध्ये उंब्रियाचं नाव टाकलेलं ऑलिव्ह तेल मिळतं ते खरंच तिथलं असतं का. मी इटलीतून तेल, डाळी, चॉकलेट असला माल मागवणाऱ्यांसाठी सोर्सिंग बघते, बरीच वर्षं झाली, त्यामुळं उंब्रियात येणंजाणं असतं. तर सांगते, जरा लांबेल.

टुरिझम आहे, पण सगळं त्यावर नाही. आणि "समुद्र नाही" हे तुम्ही उणीव म्हणून विचारलंत ना, मला विचाराल तर उंब्रियात जे काही बनतं त्यातलं निम्मंअर्धं समुद्र नाही म्हणूनच बनतं.

आधी आकार लक्षात घ्या. साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आत, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा, आणि लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे रत्नागिरीच्या साधारण निम्मी. पेरुजा आणि तेर्नी हे दोनच प्रांत. पीडमाँट, लोम्बार्डी यांनाही समुद्र नाही, पण त्यांना फ्रान्स-स्वित्झर्लंडची हद्द लागते, व्यापाराचे घाट आहेत. समुद्रही नाही आणि परदेशाची सीमाही नाही असा इटलीत उंब्रिया एकटाच, सगळीकडून तोस्काना, मार्के आणि लात्सिओ यांनी वेढलेला. सरकारी वर्गीकरणात साधारण ७१ टक्के भाग टेकड्यांचा, उरलेला डोंगरांचा, मैदान शून्य. प्रत्यक्षात मध्ये सपाट खोरी आहेत, असीसीच्या पायथ्यापासून फोलिन्यो-स्पोलेतोकडे जाणारं खोरं तर चांगलं रुंद आहे, पण तिथे पूर्वी तळं आणि दलदल होती, ती शतकानुशतकं उपसून, नद्यांना बांध घालून जमीन काढलेली आहे. म्हणून जुनी गावं सगळी वर टेकडीवर आणि शेती, रेल्वे, कारखाने खाली. तिथे गेलात की हे पहिल्या दिवशीच कळतं, स्टेशन खाली असतं आणि तुम्हाला जायचं असतं ते शहर डोक्यावर.

हिरवेपणाचं कारण पाणी. पूर्वेला अपेनाइनचा चुनखडीचा डोंगर, तो पाऊस आणि बर्फाचं पाणी पिऊन घेतो आणि खाली झऱ्यांनी सोडतो, त्यामुळं बाटलीबंद पाण्याचे जुने धंदेसुद्धा इथे आहेत, सान जेमिनी, नोचेरा उंब्रा, ग्वाल्दो तादिनो वगैरे. टायबर नदी वरून खाली अख्ख्या प्रदेशातून जाते, बाकीच्या बहुतेक नद्या शेवटी तिलाच मिळतात. चाळीस टक्क्यांच्या वर जमीन जंगलाखाली आहे. त्राझिमेनो तलाव मात्र वेगळं प्रकरण, १२८ चौरस किलोमीटर पसारा आणि खोली जेमतेम सहा मीटर, स्वतःचा नैसर्गिक निचरा नाही, पावसावर जगतो, दोन वर्षं पाऊस कमी झाला की काठाची गाळपट्टी उघडी पडते आणि मच्छीमार आणि बोटीवाले दोघेही ओरडायला लागतात. कार्थेजचा सेनापती हानिबाल यानं इसवीसनपूर्व २१७ मध्ये रोमन सैन्याला ह्याच काठावर कोंडून मारलं होतं.

आता मुद्द्याचं. तेर्नी.

उंब्रियाच्या ब्रोशरमध्ये तेर्नी तुम्हाला सहसा दिसणार नाही, दिसलं तर फक्त मार्मोरेचा धबधबा दिसेल. पण हे पोलादाचं शहर आहे. इटली एक झाल्यावर नव्या राज्याला शस्त्रांचा कारखाना आणि पोलाद हवं होतं, आणि ते किनाऱ्यावर नको होतं, कारण किनाऱ्यावरचा कारखाना शत्रूच्या आरमाराच्या तोफेच्या टप्प्यात येतो. सीमेजवळही नको. मग नकाशावर उरतं काय, तर मधला भाग, आणि तिथे नेरा नदी आणि वेलीनोचं पडणारं पाणी, म्हणजे फुकट ताकद. म्हणून आधी तेर्नीत सरकारी शस्त्र कारखाना आला आणि १८८४ मध्ये पोलाद कंपनी निघाली, आणि तिचं पहिलं मोठं काम काय तर नौदलाच्या युद्धनौकांसाठी चिलखती पत्रे. समुद्राचं तोंड न पाहिलेल्या गावात जहाजांचं चिलखत. मला ही गोष्ट फार आवडते, कोणी उंब्रियाला "शांत, अध्यात्मिक" वगैरे म्हणालं की मी ही सांगते.

आणि तो धबधबासुद्धा निसर्गाचा नाही बरं का. इसवीसनपूर्व २७१ मध्ये मानिउस कुरिउस देंतातुस या रोमन कॉन्सुलनं रिएतीच्या बाजूची दलदल काढायला चर खणून वेलीनो नदी कड्यावरून खाली नेरामध्ये सोडली, तीन टप्प्यांत १६५ मीटर. आज ते पाणी बहुतेक वेळ वळवून गाल्लेतोच्या वीजकेंद्राला जातं आणि पर्यटकांसाठी ठरलेल्या वेळी सोडतात. वेळापत्रक बघून जा, नाहीतर ओल्या कड्याचा फोटो काढून परत याल. सोडण्याच्या आधी भोंगा वाजतो, मग वरून नुसतं पांढरं धुकं येतं आणि मिनिटाभरात समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येईनासं होतं.

ह्या कारखान्यांमुळं दुसऱ्या महायुद्धात तेर्नीवर तुफान बॉम्बफेक झाली, म्हणून शहर दिसायला नवं, जरा रुक्षच आहे. स्टेशनबाहेर १२,००० टनांची जुनी हायड्रॉलिक प्रेस स्मारक म्हणून उभी केलीय. पोलादाचा कारखाना अजून चालू आहे, आता स्टेनलेस स्टीलचे सपाट पत्रे काढतात, दोन हजारांच्या वर माणसं कामाला. बरीच वर्षं मालकी जर्मन थिसेनक्रुपकडे होती, २०१४ मध्ये नोकरकपातीवरून मोठा संप झाला, २०२२ मध्ये इटलीतल्याच आर्वेदी ग्रुपनं घेतला. विजेचे भाव वाढले की तिथे सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, कारण भंगार वितळवायला इलेक्ट्रिक भट्ट्या आहेत. धबधब्याच्या सावलीत बसून विजेची काळजी, असा एकूण प्रकार.

पेरुजाकडे वेगळी तऱ्हा. हा सगळा भाग १८६० पर्यंत पोपच्या राज्यात. समुद्र नाही म्हणजे मीठ बाहेरून, आणि मिठावर कर लावायचा हक्क पोपचा. १५४० मध्ये पोप पॉल तिसरा यानं मिठाचा भाव चढवला तेव्हा पेरुजानं बंड केलं, हरलं, आणि पोपनं बंडखोर बाल्योनी घराण्याच्या वाड्यांवरच किल्ला बांधला, रोक्का पाओलीना. लोक सांगतात की उंब्रियाचा ब्रेड अळणी असतो तो ह्या मिठाच्या भांडणापासून. इतिहासवाल्यांना हे फारसं पटत नाही, अळणी ब्रेड जुनाच असावा म्हणतात, पण बेकरीवाल्याशी ह्यावर वाद घालू नका. १८६० च्या सुमारास लोकांनी त्या किल्ल्याचा वरचा भाग फोडून टाकला, आणि आता त्याच्या पोटातून, गाडल्या गेलेल्या जुन्या गल्ल्यांमधून, सरकते जिने वर शहरात जातात. रोज ऑफिसला जाणारी माणसं मध्ययुगीन घरांच्या भिंतींना खांदा घासत जातात आणि मान वरसुद्धा करत नाहीत.

अशा डोंगरावरच्या, मेन लाइनपासून बाजूला पडलेल्या शहरात धंदा कोणता परवडेल? ज्याचं वजन कमी आणि भाव जास्त असेल तो. पेरुजीना १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९२२ मध्ये त्यांनी "बाची" काढलं, हेझलनटचं चॉकलेट, आत कागदावर प्रेमाचं वाक्य. ते चॉकलेट लुइझा स्पान्योली ह्या बाईंच्या डोक्यातून आलं, कारखान्यात हेझलनटचा चुरा उरायचा त्याचं काय करायचं ह्यातून. त्याच बाईंनी पुढे अंगोरा सशांची लोकर विंचरून सूत काढायचा उद्योग उभा केला. म्हणजे चॉकलेट आणि स्वेटर, दोन्हीची मुळं एकाच घरात. पेरुजीना १९८८ पासून नेस्लेकडे आहे, कारखाना अजून पेरुजाच्या सान सिस्तोमध्येच.

त्या विणकामातून पेरुजाच्या आसपास छोट्या छोट्या वर्कशॉपचं जाळं तयार झालं, कोणी विणणार, कोणी नुसतं शिवण जोडणार, कोणी रफू आणि तपासणी. ब्रुनेल्लो कुचिनेल्लीनं १९७८ मध्ये रंगीत कश्मिरी स्वेटर सुरू केले ते ह्याच जाळ्याच्या जिवावर. आज ती मिलानच्या शेअरबाजारात लिस्टेड, वर्षाला अब्ज युरोच्या वर विक्री करणारी कंपनी आहे आणि मुख्यालय सोलोमेओ नावाच्या टेकडीवरच्या खेड्यात, जे मालकानं दुरुस्त करून घेतलं. लोकर मंगोलिया-चीनकडून येते, उंब्रियातून जातं ते हातांचं काम. स्वेटरच्या किमती ऐकून मी पहिल्यांदा टॅग उलटा धरलाय का बघितलं होतं, पण खाली वर्कशॉपमध्ये बाई एकेक घर सुईवर उचलून जोडताना बघितली की भावातला काही भाग तरी समजतो. सगळा नाही.

आता शेती आणि तो पोस्टकार्डचा देखावा, एकटं दगडी घर, चार सुरूची झाडं, बाजूला द्राक्षं. हा देखावा अर्धेलीनं बनवलाय. जमीन मालकाची, कुळाचं कुटुंब त्याच तुकड्यावर घर करून राहणार, उत्पन्न अर्धं-अर्धं, मेद्झाद्रिया म्हणतात. एकाच तुकड्यावर सगळं पिकवायला लागायचं, गहू, द्राक्षं, ऑलिव्ह, डुक्कर, कोंबड्या, म्हणून ते शेत असं ठिगळाठिगळांचं, सुंदर दिसतं. आत राहणाऱ्यांना ते सुंदर वाटत नव्हतं, कारण घरात पंधरा-वीस माणसं, खाली गोठा, वर झोपायचं, आणि मालकाचा कारभारी वजनाला हजर. पन्नास-साठच्या दशकात लोक पटापटा उठून शहरात, रोमला, फॅक्टऱ्यांत गेले. १९६४ च्या कायद्यानं नवे असे करार बंद केले, १९८२ मध्ये उरलेले करार खंडाच्या, म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या, करारात बदलायची सोय झाली. मागे राहिली रिकामी घरं. ती पुढे रोमच्या आणि परदेशी लोकांनी घेतली, १९८५ मध्ये अग्रितुरिस्मोचा, म्हणजे शेतघरात पाहुणे ठेवण्याचा, राष्ट्रीय कायदा आला आणि गोठ्याच्या जागी स्विमिंग पूल आले. म्हणजे तुम्ही म्हणता ते टुरिझम ह्या उठून गेलेल्या माणसांच्या घरांत वसलंय.

असीसी वेगळं, तिथे सातशे-आठशे वर्षं भाविक येतायतच. असीसीचे संत फ्रान्सिस १२२६ मध्ये गेले, २०२६ हे आठशेवं वर्ष, त्यात २०२५ मध्ये कार्लो आकुतिस ह्या मुलाला संतपद मिळालं आणि त्याचं शरीर असीसीत ठेवलेलं आहे, त्यामुळं बसच्या बस. अडचण एवढीच की बरेच लोक सकाळी येतात, संध्याकाळी रोम किंवा फ्लॉरेन्सला परत, रात्रीचा पैसा दुसरीकडे.

उत्तरेला चित्ता दी कास्तेल्लोकडे गेलात तर तंबाखू. होय, तंबाखू, उंब्रिया इटलीतल्या मोठ्या तंबाखू उत्पादक प्रदेशांपैकी आहे. त्याची सुरुवात एका कारकुनी घोळातून झाली म्हणायला हरकत नाही. १४४० च्या सुमारास पोपनं सानसेपोल्क्रो गाव फ्लॉरेन्सला दिलं, करारात हद्द म्हणून "रिओ" हा ओढा लिहिला, आणि त्या नावाचे ओढे निघाले दोन, मध्ये अर्धा किलोमीटर जागा. दोघांनी आपापल्या जवळचा ओढा धरला आणि मधलं कोस्पाया गाव कोणाचंच राहिलं नाही. गावकऱ्यांनी स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं, कर नाही, सैन्य नाही, आणि पुढे तंबाखू आल्यावर बिनकराची तंबाखू लावली आणि दोन्हीकडे विकली. १८२६ पर्यंत हे चाललं, मग दोन राज्यांनी वाटून घेतलं, पण तंबाखू लावायची मुभा काही प्रमाणात राहिली. त्या खोऱ्यात अजून तंबाखू वाळवायची उंच गोदामं दिसतात. त्यातल्या काही अवाढव्य शेडमध्ये आता चित्रकार आल्बेर्तो बुर्रीचं म्युझियम आहे, आणि १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरात भिजलेली पुस्तकं ह्याच शेडमध्ये आणून वाळवली होती. युरोपियन सबसिडीचं गणित बदलल्यापासून तंबाखूवाले अस्वस्थ आहेत, दुसरं एवढं पैसे देणारं पीक तिथे लवकर सापडत नाही.

पूर्वेचा डोंगर म्हणजे नोर्चा. हिवाळ्यात बर्फ, शेतीला काम नाही, म्हणून इथले लोक थंडीत खाली रोमपर्यंत जाऊन डुकरं कापून, मीठ लावून मांस टिकवून द्यायचे. आजही अर्ध्या इटलीत डुकराच्या मांसाच्या दुकानाला नोर्चाचंच नाव लावतात. जवळच्या प्रेचीत तर ह्याच हाताच्या सफाईतून सर्जन लोकांची परंपरा निघाली, मुतखडा आणि मोतीबिंदू काढणारे. काळी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली मिळणारी महागडी बुरशी, इथली, आणि वर साधारण १,४५० मीटरवर कास्तेल्लुच्चोची मसूर, बारीक, पातळ सालीची, भिजवायला लागत नाही. युरोपियन आयजीपी शिक्का आहे, म्हणजे हे नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं. पण उत्पादन फार थोडं आणि मागणी भरपूर, तेव्हा स्वस्तात कोणी "कास्तेल्लुच्चो" देत असेल तर शंका घ्या.

३० ऑक्टोबर २०१६ ला इथे ६.५ चा भूकंप झाला. नोर्चात सान बेनेदेत्तोची बॅसिलिका कोसळली, समोरची भिंत तेवढी उभी राहिली, कास्तेल्लुच्चो जवळजवळ संपलं. पण नोर्चात माणूस दगावला नाही, कारण १८५९ च्या भूकंपानंतर पोपच्या सरकारनं घरांच्या उंचीवर बंधन आणलं होतं, १९७९ च्या भूकंपानंतर घरं पुन्हा बळकट केली होती, आणि आधीच्या धक्क्यांमुळं बरेच लोक बाहेर होते. रस्ते धड नसताना शेतकऱ्यांनी २०१७ च्या वसंतात ट्रॅक्टर वर चढवून मसूर पेरली. पुनर्बांधणी मात्र कागदांत अडकत अडकत चाललीय, कंटेनरमधली दुकानं कायमची झाल्यासारखी वाटतात. इथे अर्थव्यवस्था म्हणजे दर पिढीला परत बांधणं, हे पण धरायला हवं.

बाकी भरभर सांगते. फोलिन्यो सपाटीवर आणि रेल्वेवर, म्हणून तिथे रेल्वेची मोठी वर्कशॉप आणि त्या कारागिरीच्या शेजारी विमानांचे बॉल स्क्रू बनवणारी उंब्रा ग्रुप. गुब्बियोला चुनखडी, म्हणून सिमेंट. देरुताला माती, म्हणून रंगीत माजोलिका भांडी. ओर्व्हिएतो ज्वालामुखीच्या टफ खडकावर, त्याची पांढरी वाइन, आणि मोन्तेफाल्कोची साग्रांतीनो, तोंड आवळून टाकणारी लाल, पूर्वी गोड करूनच प्यायचे. पेरुजाचं विद्यापीठ १३०८ चं, शिवाय परदेशी लोकांना इटालियन शिकवणारं वेगळं विद्यापीठ, त्यामुळं भाड्याच्या खोल्यांवर शहराचा बराच भाग जगतो.

दुखणं म्हणाल तर रस्ता आणि वय. मिलान-रोम मोटरवे ओर्व्हिएतोपाशी कडेनं निघून जातो, हायस्पीड रेल्वेचंही तेच. रोमहून पेरुजा कागदावर जवळ, पण ट्रेननं अडीच-तीन तास, बऱ्याचदा मध्ये गाडी बदलून. मालाचा ट्रक ई-४५ वरून येतो आणि त्या रस्त्याची दुरुस्ती मी कधी संपलेली पाहिलेली नाही. तरुण पोरं बाहेर, म्हातारे जास्त, दरडोई उत्पन्न इटलीच्या सरासरीखाली. युरोपियन युनियननं २०२१-२७ साठी उंब्रियाला विकसित गटातून काढून "संक्रमण" गटात टाकलंय, म्हणजे निधी जास्त मिळतो आणि नाक थोडं कापलं जातं.

आणि तेल. असीसी ते स्पोलेतो ही टेकड्यांच्या उताराची ऑलिव्ह पट्टी, दगडी बांध घालून धरलेली, २०१८ मध्ये एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेनं, जागतिक कृषी वारसा म्हणून मान्य केली. जात मुख्यतः मोराइओलो, फळ बारीक, थंडी-वारा सोसणारी. झाडाच्या बुंध्याकडे नीट बघा, बऱ्याच ठिकाणी एकाच जागेतून तीन-चार खोडं वर आलेली दिसतील. जानेवारी १९८५ च्या कडाक्याच्या थंडीत झाडं जळाली, ती जमिनीलगत कापली आणि मुळातून आलेले फुटवे वाढवले, त्यामुळं. तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फळ अर्धं हिरवं असतानाच, म्हणून शंभर किलोला १२ ते १५ किलोच तेल, पण हिरवंगार, कडवट, आणि घशाला असा ठसका की पहिला घोट घेणारा खोकतोच. खोकला नाहीत तर मी बाटली परत ठेवते.

पण हे तेल इटलीच्या एकूण उत्पादनात चिमूटभर. दक्षिणेतल्या पुलिया प्रदेशासमोर काहीच नाही. मात्र स्पोलेतोच्या आसपास तेल भरणाऱ्या, ब्लेंड करणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांचं बरंचसं तेल स्पेन, ग्रीस, दक्षिण इटलीतून येतं. त्यात बेकायदा काही नाही, लेबलवर लिहिलेलं असतं. तेव्हा पुढचं चित्र सोडा, बाटली फिरवा. "युरोपियन युनियनमधील तेलांचं मिश्रण" असं असेल तर ते उंब्रियात फक्त भरलंय. "उंब्रिया डीओपी" (उगमस्थानाची युरोपियन हमी) लिहिलं असेल, लाल-पिवळा गोल शिक्का असेल आणि खाली पाच पोटविभागांपैकी एकाचं नाव असेल, कोल्ली असीसी-स्पोलेतो, कोल्ली मार्तानी, कोल्ली अमेरीनी, कोल्ली देल त्राझिमेनो किंवा कोल्ली ओर्व्हिएतानी, तर ते तिथलं. कोणत्या हंगामाचं आहे तेही बघा, दीड-दोन वर्षं जुनं असेल तर दुकानदार अर्ध्या भावात देत असला तरी घेऊ नका. आणि भजी तळायला तर अजिबात नको, वरणावर कच्चं सोडा.